नवशिक्यांच्या बायबल अभ्यासवर्गात मार्ककृत शुभवर्तमानाची ओळख कशी करून द्यावी?

भीमाकाठ, सोलापूर (धागाकर्ता)

सर्वांना सप्रेम सलाम.

सोलापुरातील आमच्या मंडळीत प्रौढांसाठी बायबल अभ्यासाचा नवा वर्ग सुरू होत असून तो घेण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. दर शनिवारी सायंकाळी सात वाजता चौदा जण जमणार आहेत. त्यांत घरी विडी वळणाऱ्या तीन मावश्या, यंत्रमागावर काम करणारे दोन भाऊ, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका, महाविद्यालयात शिकणाऱ्या दोन मुली आणि नुकतीच लग्न होऊन आमच्या मंडळीत आलेली एक सून आहे. बहुतेकांना उपासनेत ऐकलेली वचने पाठ आहेत, पण एखादे शुभवर्तमान, म्हणजे येशूचे चरित्र, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांच्यापैकी कोणीही वाचलेले नाही. तिघांना वाचता येत नाही.

तीन वर्षांपूर्वी मी असाच एक वर्ग घेतला होता. पहिल्या शनिवारी मी तासभर प्रास्ताविक केले. मार्क कोण, तो ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कोठे भेटतो, ग्रंथ केव्हा लिहिला गेला, रोमी साम्राज्य कोठवर पसरले होते, हे सारे मी नकाशा लावून सांगितले आणि सहा पानांची टिपणेही वाटली. त्या दिवशी अकरा जण आले होते, पुढच्या शनिवारी पाच आले. सांगितलेल्या गोष्टी चुकीच्या नव्हत्या, पण कोणी न विचारलेल्या प्रश्नांची ती उत्तरे होती आणि ज्याच्याविषयी ग्रंथ लिहिला आहे तो येशू त्या तासाभरात एकदाही कोणाला भेटला नाही, ही खंत माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

या वेळी मी मार्कच निवडले आहे. चार शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान आहे: मत्तयाचे २८ अध्याय, लूकाचे २४, योहानाचे २१ आणि मार्काचे १६. शांतपणे मोठ्याने वाचले तर पावणेदोन ते दोन तासांत ते पूर्ण होते. बहुतेक अभ्यासक ते चारांत सर्वांत आधीचे, इ. स. ७० च्या आसपासचे मानतात. त्यात जन्मकथा नाही, वंशावळ नाही. योहान बाप्तिस्मा करीत असतो, येशू नासरेथहून येतो आणि कथा धावू लागते. मूळ ग्रीकमध्ये ‘लगेच’ या अर्थाचा शब्द चाळीसएक वेळा येतो, आणि ऐकणाऱ्याला ती लगबग भाषांतरातूनही जाणवते.

प्रास्ताविक न करता पहिल्याच दिवशी वाचनाला बसावे, असा माझा विचार आहे. हे शुभवर्तमान स्वतःच एक प्रश्न घेऊन चालते, तो म्हणजे ‘हा कोण?’ कफर्णहूमच्या सभास्थानातील लोक आश्चर्याने विचारतात की हे आहे तरी काय. पापांची क्षमा करणारा हा कोण, असे शास्त्री मनात म्हणतात. वादळ शांत झाल्यावर वारा आणि समुद्रही ज्याचे ऐकतात तो हा कोण, असे शिष्य भयभीत होऊन एकमेकांना विचारतात. गावचे लोक म्हणतात, हा तो सुतार, मरीयेचा मुलगाच ना? राजा हेरोदाला वाटते की आपण शिरच्छेद केलेला, बाप्तिस्मा करणारा योहानच उठून आला आहे. अशुद्ध आत्मे मात्र त्याला ओळखतात आणि तो त्यांना गप्प करतो. आठव्या अध्यायात, फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर, येशू हाच प्रश्न शिष्यांकडे वळवतो: लोकांचे राहू द्या, तुम्ही मला कोण म्हणता?

वाचन तेथेच थांबवावे, म्हणजे आठव्या अध्यायाच्या तिसाव्या ओळीपर्यंत (८:३०) एक शनिवार आणि तेथून शेवटपर्यंत दुसरा. त्यानंतर तिसऱ्या शनिवारपासून सावकाश, प्रसंगाप्रसंगाने अभ्यास करावा. ज्यांनी असे वर्ग घेतले आहेत त्यांनी आपले अनुभव आणि आक्षेप मोकळेपणाने मांडावेत, ही विनंती.

अक्षरओळख, पुणे

आपला हेतू मनापासून पटला. निवडीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. नवशिक्यांसाठी मी नेहमी योहानकृत शुभवर्तमान घेते. त्याची वाक्ये छोटी आहेत आणि जीवन, प्रकाश, पाणी, भाकर असे रोजचे शब्द त्यात वारंवार येतात. निकदेम, विहिरीवरची शोमरोनी स्त्री आणि जन्मांध मनुष्य यांच्याशी येशूचे संवाद इतके सविस्तर आहेत की ऐकणारा त्या संवादात स्वतःच सामील होतो. शिवाय आपण हे कशासाठी लिहिले, हे योहानाने विसाव्या अध्यायाच्या शेवटी स्पष्ट सांगितले आहे. शिकवणाऱ्याला याहून अधिक काय हवे?

भीमाकाठ, सोलापूर

ताई, योहानाचे संवाद मलाही अतिशय प्रिय आहेत आणि हाच वर्ग टिकला तर पुढच्या वर्षी तेच घ्यावे असे मनात आहे. अडचण पहिल्याच ओळीत येते. ‘प्रारंभी शब्द होता’ हे ऐकताच मराठी मनात शब्दब्रह्माची कल्पना जागी होते आणि शिकलेली माणसे तत्त्वचर्चेला लागतात. ती चर्चा मोलाची असते, पण तिच्यात वाचता न येणारी मावशी मागे राहते. मार्कात चार माणसे एका पक्षाघाती माणसाला उचलून आणतात आणि दाराशी गर्दी आहे म्हणून छप्पर उकरतात. हे समजून घेण्यासाठी आधी काहीही माहीत असावे लागत नाही.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर

मी चाळीस वर्षे मराठी शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे शब्बाथशाळाही घेतली. आपल्या योजनेवर एक आक्षेप नोंदवते.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी माणसांना ख्रिस्तचरित्र सांगण्यासाठी ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ओवी हा आपल्या कानांना ओळखीचा छंद त्यांनी घेतला, आणि त्या ग्रंथाचे जे दोन भाग केले त्यांतील संपूर्ण पहिला भाग सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या जुन्या कराराला दिला. ख्रिस्तजन्म येतो तो दुसऱ्या पुराणात. म्हणजे ज्यांनी ही कथा मराठीत इतक्या आधी आणि इतक्या जिव्हाळ्याने सांगितली, त्यांना पूर्वपीठिका आवश्यक वाटली होती. मशीहा म्हणजे काय, शब्बाथ म्हणजे काय, मंदिराचे महत्त्व कोणते, हे ठाऊक नसेल तर आठव्या अध्यायात शिष्य पेत्राने दिलेल्या ‘तू मशीहा आहेस’ या उत्तराचे वजन आपल्या वर्गाला कसे कळणार?

आणखी एक सूचना. वाचनासाठी नेहमीच्या भाषांतराबरोबर पंडिता रमाबाईंचे भाषांतर जवळ ठेवावे. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून, साध्या बायकांना समजेल अशी मराठी डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी एकटीने संपूर्ण बायबल भाषांतरित केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९२४ साली ते प्रसिद्ध झाले. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंडनंतर जे केडगाव स्थानक लागते, तेथल्या मुक्ती मिशनमध्ये हे काम झाले. आपल्या वर्गातील रेल्वेच्या काकांनी ते स्थानक शेकडो वेळा पाहिले असेल. त्यांना हे आवर्जून सांगावे.

भीमाकाठ, सोलापूर

बाई, आपल्या आक्षेपाने मला दोन दिवस विचार करायला लावले. पूर्वपीठिका नको, असे माझे म्हणणे नाही. ती कोणत्या क्षणी द्यावी, एवढाच माझा प्रश्न आहे. मार्क स्वतः दुसऱ्याच ओळीत यशयाचे नाव घेऊन संदेष्ट्यांची वचने सांगतो, पण तेथे रेंगाळत नाही. सातव्या अध्यायात परूशी (नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणारे यहूदी) हात धुतल्याशिवाय जेवत नाहीत ही गोष्ट आली, की तो कथा थांबवून दोन ओळींत यहूदी रीत समजावतो. (त्याचे वाचक बहुतांशी यहूदी नसावेत, हे अभ्यासक याच टिपणावरून ताडतात.) त्याची ही पद्धत मला अनुसरावीशी वाटते. अडखळण्याचे ठिकाण आले की तेवढेच सांगायचे आणि पुढे वाचायचे. मशीहाविषयी मात्र मी ८:२९ च्या आधी दहा मिनिटे राखून ठेवीन. आपले म्हणणे तेथे मला पूर्ण मान्य आहे.

पूर्व भाग, सोलापूर

मी पद्मशाली घरातला असून आमच्या घरी तेलुगू बोलतात. शहराच्या पूर्व भागात आमच्या मंडळीचे वर्ग मराठीत चालतात, पण मनातली गोष्ट तेलुगूतच निघते. तुमच्या चौदा जणांत तेलुगू किंवा कन्नड बोलणारे असतीलच, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट आनंदाची आहे. ‘सुवार्ता’ हा शब्द मराठीत आहे, तेलुगूत ‘सुवार्त’ आहे आणि कन्नडमध्ये ‘सुवार्ते’ आहे. सोलापूरच्या तीन भाषा या एका शब्दावर एकत्र येतात. वर्गाची सुरुवात करायचीच असेल तर या शब्दापासून करा. ज्या ग्रीक शब्दाचे हे भाषांतर आहे तो त्या काळी सम्राटाच्या जन्माच्या किंवा विजयाच्या बातमीसाठीही वापरत असत. औगुस्त कैसराच्या जन्मदिवसाचा असा गौरव करणारा इ. स. पूर्व ९ चा शिलालेख आजच्या तुर्कस्तानातील प्रीएने येथे सापडला आहे. त्या राजवटीत मार्क पहिल्याच ओळीत सांगतो की खरी सुवार्ता नासरेथच्या एका सुताराविषयी आहे. एवढे कळले की माणूस नीट बसून ऐकू लागतो.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची आहे. मार्काचे लेखन ग्रीकमध्ये असले तरी येशूचे काही शब्द तो त्याच्या बोलीत, अरामीत, तसेच ठेवतो आणि मग त्यांचा अर्थ सांगतो. सभास्थानाचा अधिकारी याइर याच्या मृत मुलीचा हात धरून येशू म्हणतो, ‘तलीथा कूम’, म्हणजे ‘मुली, ऊठ’. बहिऱ्याच्या कानांत बोटे घालून म्हणतो, ‘एफ्फाथा’, म्हणजे ‘मोकळा हो’. गेथशेमाने बागेत तो ‘अब्बा’ अशी हाक मारतो आणि वधस्तंभावरचा आक्रोशही त्याच बोलीत आहे. मी हे आमच्या वर्गात सांगितले तेव्हा एक ताई म्हणाल्या, ‘माझ्या मुलाची शाळा, दुकान, दवाखाना सगळे मराठीत चालते, पण तापात झोपलेल्या मुलाला मी तेलुगूतच उठवते.’ त्यानंतर त्या प्रसंगावर मला वेगळे काही बोलावे लागले नाही.

ज्वारीचे शिवार, मंगळवेढा

मी शेतकरी आहे आणि आमच्या गावच्या मंडळीत कधी कधी वचन सांगतो. चौथ्या अध्यायातला पेरणाऱ्याचा दाखला सोपा समजून घाईने शिकवला जातो, म्हणून लिहितो.

आमच्याकडे ज्वारी तिफणीने पेरतात. चाड्यावर मूठ सोडली की बी नळीतून थेट तासात पडते. त्यामुळे हा दाखला ऐकून आमच्या भागातील शेतकऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की या माणसाने बी वाटेवर टाकलेच कसे, आणि तो त्या पेरणाऱ्याला अडाणी ठरवतो. आपण आधी सांगायला हवे की त्या देशात बी हाताने फोकून पेरत असत. फोकताना मूठभर बी पायवाटेवर, बांधाजवळच्या काट्यांत जाणारच. पेरणारा निष्काळजी नाही, त्याचा हात सढळ आहे.

‘खडकाळ जमीन’ म्हणजे दगडगोट्यांची जमीन नव्हे. वर बोटभर माती आणि खाली सलग खडक, अशी ती जमीन आहे. आमच्या हलक्या मुरमाड रानात हेच होते. एका पावसावर तेथले बी आधी उगवते, शेजारच्या काळ्या रानापेक्षा हिरवे दिसते आणि ऊन तापले की करपते. मार्कात नेमके हेच लिहिले आहे की माती खोल नसल्यामुळे ते लवकर उगवले. हे वाक्य शेतकऱ्याला वाचायला द्या, समजावून तोच सांगेल.

आणि तीसपट, साठपट, शंभरपट यांविषयी. ज्वारीचे बियाणे हेक्टरी सुमारे दहा किलो लागते, त्यामुळे शंभरपट उत्पन्नाचे आम्हाला नवल वाटत नाही. दाखल्यातले पीक गहू किंवा जव धरावे लागते. त्यांना बियाणे कितीतरी जास्त लागते आणि त्या काळी त्या डोंगराळ मुलखात पेरल्याच्या दहापट आले तरी ते चांगले पीक असे. हे सांगितले तरच ऐकणारा त्या शंभरपटीने थक्क होतो, आणि येशूने तो दाखला थक्क करण्यासाठीच सांगितला होता, असे मला वाटते.

भीमाकाठ, सोलापूर

दादा, तिफण आणि फोकून पेरणे यांतला फरक मी इतकी वर्षे वचन शिकवूनही लक्षात घेतला नव्हता. आपले शब्द मी जसेच्या तसे वर्गात सांगणार आहे.

उपासक, बार्शी

एक काळजी व्यक्त करतो. आपण दुसऱ्या शनिवारी ‘शेवटपर्यंत’ वाचणार म्हणता. कोणत्या शेवटापर्यंत? १६:८ नंतरच्या बारा ओळी अनेक छापील प्रतींत कंसात किंवा तळटिपेसह असतात. नवशिक्यांपुढे हा विषय काढला तर त्यांच्या श्रद्धेला धक्का बसेल, असे मला वाटते. तो पुढच्या वर्गांसाठी ठेवावा.

भीमाकाठ, सोलापूर

आपली काळजी प्रेमापोटी आहे, हे समजते. पण कंस छापलेला आहे आणि महाविद्यालयातल्या मुली तो पाहणारच. त्यांनी विचारल्यावर मी चाचरलो तर धक्का अधिक मोठा बसेल. चौथ्या शतकातील सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही प्राचीन हस्तलिखितांत मार्क १६:८ पाशी संपतो आणि पुढच्या ओळी इतर अनेक हस्तलिखितांत आहेत, हे मी सरळ दोन वाक्यांत सांगेन. पुनरुत्थानाची घोषणा तर १६:६ मध्येच आहे. कबर रिकामी आहे आणि तो उठला आहे, हे कबरेत बसलेला तरुण स्पष्ट सांगतो. श्रद्धेचा आधार त्या कंसावर अवलंबून नाही.

भीमाकाठ, सोलापूर

पहिला शनिवार पार पडला, त्याचा वृत्तांत देतो.

बारा जण आले. सुवार्ता शब्दावर पाच मिनिटे बोलून आम्ही वाचनाला बसलो. दोघी मुलींनी आणि रेल्वेच्या काकांनी आळीपाळीने वाचले, बाकीच्यांनी ऐकले. वाचता न येणाऱ्या तिघांना एक काम दिले होते: ‘हा कोण’ अशा अर्थाचे काही कानावर आले की हात वर करायचा. ते तिघे इतक्या एकाग्रतेने ऐकत होते की वाचणाऱ्यांच्या एक-दोन जागा निसटल्या तेथे त्यांनीच थांबवले.

दुसऱ्या अध्यायात छप्पर उकरण्याचा प्रसंग आला तेव्हा काकांनी विचारले की पत्रे काढले असे म्हणायचे का. अक्कलकोटकडच्या मावशी म्हणाल्या, ‘पत्रे कशाला, माळवद असणार. आमच्या आईचे घर तसेच होते. वर तुळया, त्यावर काटक्या आणि त्यावर माती. उकरायला काय वेळ लागतो? पण खाली बसलेल्यांच्या डोक्यावर सगळी माती पडली असेल.’ गालीलमधली घरे साधारण तशीच होती. लूक तेथे कौलांचा उल्लेख करतो, मार्क मात्र उकरल्याचे सांगतो, आणि माळवद पाहिलेल्या माणसाला मार्काचे क्रियापद लगेच पटते. त्या मातीने माखलेल्या घरात येशू रागावला नाही, उलट त्याने त्या चौघांचा विश्वास पाहिला, हे मावशींनीच पुढे म्हटले.

पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्रीच्या प्रसंगाला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि तो लागू द्यावा असे मला वाटले. ती बारा वर्षे आजारी आहे, वैद्यांवर सर्व पैसा खर्चूनही तिचे दुखणे वाढलेलेच आहे. मार्क ही गोष्ट याइराच्या मुलीच्या गोष्टीच्या पोटात ठेवतो, आणि त्या मुलीचे वयही बारा वर्षे आहे. एक मूल जन्मले त्याच सुमारास एका बाईचे दुखणे सुरू झाले. सभास्थानाचा अधिकारी घाईत उभा आहे, त्याची मुलगी मरणाच्या दारी आहे, आणि येशू गर्दीत थांबून, मागून त्याच्या वस्त्राला शिवून बरी झालेल्या या अनोळखी बाईला पुढे बोलावतो. नव्या सूनबाई त्या वेळी पहिल्यांदा बोलल्या. त्या म्हणाल्या, ‘तिला त्याने “मुली” म्हटले. तिचे सगळे आयुष्य लोकांनी तिला दूर ठेवण्यात गेले होते.’ आम्ही तेथे काही वेळ शांत बसलो.

८:२९ पाशी थांबलो तेव्हा तिघांनी मिळून बोटांवर मोजलेले ‘कोण’ एकूण अकरा झाले होते. मी उत्तर मागितले नाही. घरी जाऊन विचार करा, एवढेच म्हणालो.

निवृत्त शिक्षिका, सोलापूर

मशीहाविषयीची दहा मिनिटे दिलीत का?

भीमाकाठ, सोलापूर

दिली, बाई. दाविदाचा राजवंश, बंदिवास, परकी सत्ता आणि तलवार घेऊन येणाऱ्या राजाची वाट पाहणारे लोक, एवढेच सांगितले. दुसऱ्या शनिवारी ८:३१ वाचले, ज्यात येशू दुःखसहनाविषयी पहिल्यांदा बोलतो आणि पेत्र त्याला आडवा येतो, तेव्हा त्या दहा मिनिटांचा उपयोग झाला. पेत्र का चिडला हे वर्गाला समजले. येशू हीच गोष्ट नवव्या आणि दहाव्या अध्यायांत पुन्हा सांगतो, आणि तिन्ही वेळा शिष्य चुकतात, हेही त्यांनीच शोधून काढले.

दुसऱ्या शनिवारी चौदाही जण आले होते. दुःखसहनाचे अध्याय वाचताना कोणी मधे बोलले नाही. ‘खरोखर हा मनुष्य देवाचा पुत्र होता’ हे रोमी शताधिपतीचे उद्गार आले तेव्हा एका यंत्रमागवाल्या भावाने हळूच बारावे बोट मोडले. मी १६:८ पर्यंत वाचायला सांगितले होते. स्त्रिया कबरेतून बाहेर पडून पळाल्या, त्या कापत होत्या, आणि भ्याल्यामुळे त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, एवढे वाचून मुलगी थांबली. पुढे कंस होता, तो तिने मला दाखवला. मी ठरवलेली दोन वाक्ये सांगितली.

तेव्हा विडी वळणाऱ्या मावशींपैकी सर्वांत वडील, ज्यांना वाचता येत नाही, त्यांनी विचारले, ‘मग त्या बायकांनी कोणालाच सांगितले नाही, तर हे आपल्यापर्यंत आले कसे? हे लिहिणाऱ्याला कोणी सांगितले?’

वर्गातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. तीन वर्षांपूर्वीची ती सहा पाने माझ्या पिशवीत होती. मी ती बाहेर काढली आणि दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हिरापोलिसचा बिशप पापियास काय सांगून गेला, पेत्राच्या आठवणी मार्काने कशा लिहून ठेवल्या असे तो म्हणतो, प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायात ज्या घरी लोक प्रार्थनेला जमले होते ते घर मार्काच्याच आईचे कसे होते, हे एकेक करून सांगू लागलो. नऊ वाजून गेले तरी कोणी उठले नाही. मावशींनी ती पाने मागून घेतली आहेत. त्यांची नात त्यांना ती रोज रात्री वाचून दाखवणार आहे.